वऱ्हाडातून साता समुद्रापार : परदेशवारी आणि पायाखालचं वाहन

मागच्या दोन व्याख्यानांत आपण वऱ्हाडातल्या बाजारपेठा आणि वऱ्हाडातली तीर्थक्षेत्रं पाहिली. आज विषय जरा हलका वाटेल असा आहे. सुट्टीत परदेशी जाणं, आणि तिथं गेल्यावर इकडून तिकडे कसं फिरायचं, हा. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठंही चौकात उभे राहा. दुबई, थायलंड, युरोप अशा सहलींचे फलक दिसतात. म्हणून आम्ही ठरवलं की या हलक्या विषयाचा इतिहास थोडा नीट मांडावा. तो मांडताना लक्षात येतं की विषय वाटतो तितका हलका नाही. कारण ‘कुठं गेलात’ यापेक्षा ‘कशानं गेलात आणि कुणाच्या मर्जीनं गेलात’ हा प्रश्न जास्त खोल आहे.

आधी शब्द पाहू. आपल्याकडे यासाठी तीन जुने शब्द आहेत. ‘प्रवास’ म्हणजे मुळात घरापासून दूर राहणं. त्यात ‘वास’ आहे, राहणं आहे. ‘पर्यटन’ म्हणजे सभोवार फिरणं. ‘परि’ आणि ‘अटन’. आणि ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे जिथून पाण्यातून पलीकडे जाता येतं ती जागा. तरून जाण्याची जागा. म्हणजे आपल्या भाषेनं दूर राहणं, फिरणं आणि ओलांडणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या होत्या. आजच्या सात रात्री आठ दिवसांच्या सहलीत यातलं नेमकं काय घडतं, हे शेवटी पाहू.

आता आपल्या जिल्ह्यात या. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामी मेहकरला आणि लोणारला आले होते. महानुभाव पंथात अटनाला, म्हणजे पायी फिरण्याला, साधनेचं स्थान आहे. आणि या पंथानं एक विलक्षण गोष्ट केली. स्वामी जिथं जिथं राहिले, बसले, उतरले, त्या स्थानांची नोंद करून ठेवली. तिला ‘स्थानपोथी’ म्हणतात. कोणत्या गावी कोणतं देऊळ, त्याचं दार कोणत्या दिशेला, स्वामींचं बसण्याचं ठिकाण कुठं, असं ते वर्णन. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी ही मराठीतली अगदी आरंभीची मार्गदर्शिका आहे, असं आम्हाला वाटतं. ती पायी चालणाऱ्यानं पायी चालणाऱ्यासाठी लिहिली. म्हणूनच तिच्यात दाराची दिशासुद्धा आहे. चालणाऱ्याला दार कुठं आहे हे माहीत असावं लागतं. गाडीतून जाणाऱ्याला कळस दिसला तरी पुरतं.

हीच पायी वाट पुढं वारीत टिकली. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आजही महिनाभर चालत पंढरपूरला जाते, सातशे किलोमीटरच्या वर. म्हणजे लांबचा प्रवास आपल्या लोकांना नवा नव्हता. नवा होता तो समुद्र.

समुद्राबद्दल शास्त्र काय म्हणत होतं? बौधायन धर्मसूत्रात गंमत आहे. एके ठिकाणी समुद्रप्रवास हा उत्तरेकडच्या लोकांचा आचार म्हणून सांगितला आहे. दुसऱ्या ठिकाणी तोच पातित्य आणणाऱ्या कर्मांच्या यादीत, अगदी पहिला, येतो. याचा तर्कानं अर्थ काय? लोक समुद्रावर जात होते, म्हणूनच बंदी घालावी लागली. जे कुणी करतच नाही त्याला कुणी बंदी घालत नाही. पुढं मध्ययुगात ‘कलिवर्ज्य’ म्हणून जी यादी झाली, तिच्यात तर प्रायश्चित्त घेतलं तरी समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाशी व्यवहार ठेवू नये, इथपर्यंत गोष्ट गेली. मात्र ही बंदी सगळ्यांना लागू नव्हती, हेही ध्यानात ठेवा. आपल्या भागातून सर्वांत आधी नियमानं समुद्र ओलांडणारे कोण असतील, तर ते हजला जाणारे मुसलमान यात्रेकरू, असं मानायला जागा आहे. त्यांच्यासाठी समुद्र हे पाप नव्हतं, कर्तव्याच्या वाटेवरचं पाणी होतं. मुंबईत मुसाफिरखान्यात उतरायचं, जहाजाची वाट पाहायची, आणि जेद्द्याला जायचं. मुंबईहून हजची जहाजं थेट १९९५ पर्यंत चालू होती. परदेश प्रवासाचा इतिहास लिहिताना आपण बॅरिस्टरांची आठवण ठेवतो आणि या हाजींना विसरतो. तसं होऊ नये.

आता एका वर्षावर थांबू. साल १८७०.

१८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. पूर्वी आपला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी पूर्णा नदीच्या सपाटीवरून पुढं सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावची कापूसपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला राहिली होती. तर जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा खास टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कापसाची किंमत यावरून समजा.

आणखी काय घडलं त्या सुमारास? नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग जोडला गेला. जून १८७० मध्ये मुंबई आणि इंग्लंड यांच्यामध्ये समुद्रातून तार जोडली गेली. म्हणजे खामगावच्या बाजारातली रुई आगगाडी आणि आगबोटीनं, एका सलग साखळीतून, लिव्हरपूलच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकली. रुईला कुणी जात विचारली नाही. प्रायश्चित्त दिलं नाही. आपल्या जिल्ह्यात माल आधी साता समुद्रापार गेला, आणि तो पिकवणारा माणूस मागं राहिला. शेतकऱ्याच्या धुऱ्यापासून लिव्हरपूलपर्यंत वाट झाली, पण त्या वाटेवर शेतकऱ्याची जागा फक्त पहिल्या टप्प्यापुरती, म्हणजे बैलगाडी घेऊन बाजारात येण्यापुरती होती.

त्याच १८७० सालचा एक मराठी प्रवासी पाहा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, वय अवघं वीस. ते युरोपला गेले. इंग्लंड पाहिलं, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, आणि रोजनिशी लिहिली. परत येताना इटलीत, फ्लॉरेन्स शहरात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. तेव्हा तिकडे दहनाची रीत नव्हती. नगरपालिकेनं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. परक्या मुलखात त्यांच्या माणसांनी संगम शोधला, हे लक्षात घ्या. तीर्थाची कल्पना ते बरोबर घेऊन गेले होते. १८७४ मध्ये तिथं छत्री उभारली गेली. आजही कॅशिने उद्यानाच्या टोकाला ती आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘इंडियानो’ म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. आपल्याकडचे सहलीचे गट फ्लॉरेन्सला जातात, चौकातले पुतळे पाहतात. फार थोडे लोक या छत्रीपर्यंत जातात. कारण ती बसच्या वाटेवर नाही.

पुढं १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचं अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं पुस्तक मराठीत आलं. या बायका सुट्टीवर गेल्या नव्हत्या. पण एकट्या बाईनं आगगाडीत बसून परक्या शहरात फिरणं शक्य आहे, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे समजलं.

मग ‘सुट्टी’ कुठून आली? तिचा कर्ता म्हणून थॉमस कुक या इंग्रजाचं नाव घेतात. हा दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्यानं लेस्टरहून लफबरोला, दारूबंदीच्या सभेसाठी, सुमारे पाचशे लोकांना एका शिलिंगात आगगाडीनं नेलं. त्यातून धंदा उभा राहिला. १८७२-७३ मध्ये त्यानं प्रवाशांना घेऊन २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यात हिंदुस्थानही होता. त्याच्या कंपनीनं १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. १८८६ मध्ये तर हजच्या यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम सरकारनं याच कंपनीकडे सोपवलं. यात्रा आणि पर्यटन यांच्या वाटा एका तिकीट खिडकीवर एकत्र आल्या त्या अशा.

कुकनं नवं काय विकलं? गाडी त्याची नव्हती, बोट त्याची नव्हती, खानावळ त्याची नव्हती. त्यानं निश्चिंती विकली. तुम्ही पैसे द्या, काळजी आमची. आपल्याकडे हे काम पुढं मराठी माणसांनी फार चांगलं केलं. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी केसरी टूर्स सुरू केली, आणखीही संस्था निघाल्या, आणि मराठी बोलणारा मार्गदर्शक, ओळखीचं जेवण, बरोबर आपल्यासारखीच माणसं, यामुळे लाखो मराठी कुटुंबांनी घराबाहेर पाऊल टाकलं. याला नाकं मुरडू नयेत. ज्या बाईनं आयुष्यभर चिखली ते बुलढाणा एवढाच प्रवास केला, ती साठीनंतर ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राऊयोखला बर्फात उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. तिथं जाणारी ती दातेरी रुळांची गाडी १९१२ पासून चालू आहे, म्हणजे आपल्या बुलढाणा शहरात अजून न आलेल्या रेल्वेच्या कितीतरी आधी ती डोंगराच्या पोटातून तिथवर पोचली.

पण या निश्चिंतीला एक किंमत आहे. ती सांगण्याआधी सरकारचा भाग सांगतो.

माणसाला देशाबाहेर जाण्याचा हक्क आहे का? स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षं उत्तर असं होतं की पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय तो रोखता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं : नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धतही न्याय्य असली पाहिजे. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा जो विशाल अर्थ आज आपण गृहीत धरतो, तो एका अडवलेल्या परदेश प्रवासातून निघाला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘स्वातंत्र्य’ शिकवताना हे उदाहरण नेहमी द्यायचो.

हक्क मिळाला तरी खिशात डॉलर कुठं होते? परदेशी चलनाची एवढी टंचाई होती की एका काळी प्रवाशाला हातात आठ डॉलर घेऊन निघावं लागे. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्या काळी बहुसंख्य वाचकांसाठी ते पुस्तक हाच परदेश प्रवास होता. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. २०१७ पासून पोस्ट ऑफिसांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडू लागली. समृद्धी महामार्ग आपल्या सिंदखेडराजा आणि मेहकरजवळून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५ मध्ये खुला झाला. तेव्हा विमानतळ जवळ आला, डॉलर आले, पासपोर्ट आला. उरलं काय?

उरलं ते तिथं पोचल्यानंतरचं फिरणं. आणि इथं आम्हाला मुद्द्याचं बोलायचं आहे.

आपल्या जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्यांत आज एक मोठा वर्ग सुट्टीच्या सहलीत मोजलाच जात नाही. तो म्हणजे आपल्या वयाचे आईवडील. मुलगा अमेरिकेत, सून नोकरीला, नातवंड झालं. आईबाबा सहा महिन्यांसाठी जातात. बाबा इथं रोज सकाळी फिरायला जाणारे, कट्ट्यावर बसणारे. आई भाजीबाजार एकटी करणारी. तिकडे उपनगरात घर. छान घर, मागं हिरवळ. पण बस नाही, बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही, दुकान पाच मैलांवर, आणि मोटार चालवता येत नाही. सोमवार ते शुक्रवार ही दोन माणसं खिडकीत. शनिवारी मुलगा नेईल तिथं जायचं. कुणाचा दोष आहे का यात? मुलगा गुणी आहे, सूनबाई प्रेमळ आहे. दोष आहे तो रस्त्याचा. जिथं सगळं मोटारीवर बेतलेलं असतं तिथं मोटार न चालवणारा माणूस प्रौढ उरत नाही, तो सामान होतो. त्याला उचलून न्यावं लागतं.

याउलट हेच आईबाबा लंडनला किंवा सिंगापूरला गेले तर काय होतं ते पाहा. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, आणि २००३ पासून तिथं ऑयस्टर कार्ड आहे. सिंगापूरची एमआरटी १९८७ ची, बँकॉकची उंचावरून जाणारी स्कायट्रेन १९९९ ची, दुबईची मेट्रो २००९ ची. एक कार्ड खिशात टाकलं, नकाशावरचा रंग पाहिला, की इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी माणूस एकटा जातो आणि एकटा परत येतो. दुसऱ्या आठवड्यात बाबा संध्याकाळी येऊन सांगतात, ‘आज दोन गाड्या बदलून नदीपर्यंत गेलो होतो.’ त्या वाक्यात जे आहे त्याला आम्ही पर्यटनाचं सार म्हणतो. हजच्या वाटेवरही आता मक्का-मदिना वेगवान रेल्वे २०१८ पासून आहे. ज्यांचे आजोबा उंटाच्या पाठीवर गेले असतील ते नातू आज काही तासांत पोचतात.

आणि हे समजायला लंडनला जायची गरज नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली आपली एस.टी. पाहा. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिच्यात तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मेहकरची म्हातारी मनात आलं तर लोणारला लेकीकडे जाते, कुणाला विचारावं लागत नाही. तिला परदेशी नेऊन आपण खिडकीत बसवतो आणि म्हणतो, आईला जग दाखवलं!

तेव्हा परदेशी जाणाऱ्यांना, विशेषतः आईबाबांना बोलावणाऱ्या मुलांना, आमचं सांगणं थोडं आहे. जाण्याची जागा ठरवताना ‘तिथं काय पाहण्यासारखं आहे’ याच्या आधी ‘तिथं एकट्याला फिरता येईल का’ हे विचारा. युरोपात जाणार असाल तर मुक्काम रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. युरोपातले बरेच देश एका शेंगेन व्हिसावर जोडलेले आहेत, आणि रुळांवरून त्यांच्यामध्ये सहज जाता येतं. मोटार भाड्यानं घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच मिळतो. पण दुबईत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात हे विसरू नका. पायी चालणाऱ्यानंही विसरू नये, कारण रस्ता ओलांडताना सवयीनं आपण उलट्या दिशेला पाहतो. गटाच्या सहलीनं जाणार असाल तर खुशाल जा. मात्र एक दुपार गटातून मोकळी मागून घ्या, आणि त्या दुपारी तिथल्या ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन या.

आईवडील अमेरिकेतल्या उपनगरात येणार असतील, तर येण्याआधी मुलांनी एक काम करावं. घरापासून वाचनालय, देऊळ, बाग, दुकान यांपैकी कुठं चालत किंवा बसनं जाता येतं ते शोधावं, आणि पहिल्या आठवड्यात दोघांना हाताला धरून ती वाट दाखवावी. महानुभावांनी स्थानपोथीत दाराची दिशा लिहून ठेवली ती याचसाठी. मागून येणाऱ्याला दार सापडावं.

सुरुवातीच्या तीन शब्दांचा हिशेब आता लागतो. परदेशी दूर राहणं विमान घडवून देतं. पैसा सभोवार फिरवून आणतो. ओलांडणं मात्र ज्याचं त्यानंच करायचं असतं, स्वतःच्या पायांवर, किंवा स्वतः काढलेल्या तिकिटावर. १८७० मध्ये खामगावची रुई समुद्रापार गेली तेव्हा तिला कुठं जायचं हे विचारलं गेलं नव्हतं. ती गाठोडं होती. आपण आणि आपले आईबाप गाठोडी नाहीत, एवढं लक्षात ठेवून तिकीट काढलं की बाकीचं सगळं वाटेवर शिकता येतं.

पुढच्या वेळी उलट बाजूनं बघू : बाहेरचे लोक आपल्याकडे काय पाहायला आले. १८२३ मध्ये लोणारच्या विवराची नोंद करणाऱ्या अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यापासून, २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर यादीत मिळालेल्या जागेपर्यंत. तुमच्या घरात कुणी बोटीनं हजला, आफ्रिकेला, विलायतेला गेलं असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. आपल्या जिल्ह्याचा तो इतिहास अजून घराघरांतल्या ट्रंकांत पडून आहे.